थंडीतला नेम

तीन वर्षांपूर्वी, भर मे महिन्यात, मी रोज स्वेटर घेऊन कामाला जात होतो. काम क्लायंटच्या साईटवर होतं आणि साईट म्हणजे नवी मुंबईजवळचं एक कोल्ड स्टोरेज. बाहेर घामाच्या धारा, आत उणे २० डिग्री. गोठवलेल्या मालाच्या खोक्यांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहिलं होतं. प्रत्येक खोक्यावर बारकोड, प्रत्येक कामगाराच्या हातात स्कॅनर. पुण्याच्या एसी हापिसात टेस्टिंग एकदम झकास झालेलं. इथे मात्र दहा स्कॅनमागे दोन-तीन फेल!

तीन आठवडे मी लॉग वाचले. नेटवर्क बघितलं, डेटाबेस बघितला, कोड उलटापालटा केला. काहीच सापडेना. मग आपण सगळेच करतो ते केलं... रिपोर्टमध्ये 'युजर एरर' असं लिहून मोकळा झालो. कामगार स्कॅनर नीट धरत नाहीत, ट्रेनिंगची गरज आहे, वगैरे वगैरे. त्या रिपोर्टमुळे लोडिंगच्या टोळीचा त्या महिन्याचा इन्सेन्टिव्ह कापला गेला, हे मला नंतर कळलं.

शेवटच्या दिवशी तिथले सुपरवायझर काका म्हणाले, "साहेब, जरा इकडे या." आतून आणलेला एक स्कॅनर त्यांनी माल चढवायच्या फलाटावर नुसता हातात धरला. दहा सेकंदांत त्याची काच पांढरी झाली. मग तोच स्कॅनर घेऊन ते परत आत गेले. काचेवर जमलेलं दव आता तिथेच गोठलं.

"हे रोजचंच आहे," काका म्हणाले. "आम्ही अंगठ्याने पुसतो. नाहीच जमलं तर नंबर लिहून घेतो." आणि त्यांनी खिशातून एक छोटी वही काढली. पेन नव्हे, पेन्सिल. शाई गोठते म्हणून.

"काका, मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही तर कॉम्प्युटरमध्येच बघत होता."

यावर काय बोलणार? गप्प बसलो.

ही गोष्ट परत आठवायचं कारण म्हणजे मागच्या विकांताला एका मित्राने पाठवलेलं रील. फिनलंडचा सिमो हायहा, जगातला सगळ्यात भयंकर स्नायपर, त्याने रायफलवर दुर्बीण न लावता पाचशेच्या वर माणसं टिपली, मागे ढॅणढॅण म्युझिक, आणि शेवटी 'खरा मर्द तो ज्याला दुर्बीण लागत नाही' अशा अर्थाचं काहीतरी. मला ते खटकलं. दुर्बीण हाताशी असू शकत असताना एखादा माणूस ती का नाकारेल? हौस म्हणून? की त्याला काचेबद्दल काहीतरी ठाऊक होतं, जे त्या सुपरवायझर काकांनाही ठाऊक होतं आणि मला नव्हतं? शनिवार-रविवार वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते हे.

आधी थोडी पार्श्वभूमी. ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत संघाने फिनलंडवर हल्ला केला. याला 'हिवाळी युद्ध' म्हणतात. ते १३ मार्च १९४० पर्यंत, म्हणजे जेमतेम साडेतीन महिने चाललं. पण हे साडेतीन महिने कसले? तो हिवाळा तिथल्या माणसांनाही कडक वाटावा असा होता. जानेवारी १९४० मध्ये तापमान उणे ४० च्याही खाली गेलं. आपल्या घरातला फ्रीझर साधारण उणे १८ वर असतो. म्हणजे फ्रीझरमध्ये जाऊन बसलात तर बाहेरच्यापेक्षा उबदार वाटेल, अशी परिस्थिती!

सिमो हायहा हा रौत्यार्वी भागातला शेतकरी. जन्म १७ डिसेंबर १९०५. उंची जेमतेम सव्वापाच फूट. शेती, शिकार आणि गावातल्या स्वयंसेवक संरक्षक दलात नेमबाजी, हे त्याचं आयुष्य. नेमबाजीच्या स्पर्धांमध्ये त्याने बक्षिसंही मिळवली होती. युद्ध सुरू झाल्यावर तो लाडोगा सरोवराच्या उत्तरेला कोल्ला नदीच्या आघाडीवर गेला. हातात संरक्षक दलाचीच रायफल, एम २८-३०. मूळ रशियन मोसिन-नागान रायफलची ही फिनिश सुधारित आवृत्ती. बंदुकीच्या नळीच्या टोकाला नेम धरायला जो छोटा खुंट असतो त्याला आपल्याकडे माशी म्हणतात. या रायफलच्या माशीला धक्का लागू नये म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडी कान उभे केलेले होते. ते बघून फिनिश लोकांनी तिचं नाव पाडलं 'पिस्त्युकोर्वा', म्हणजे उभ्या कानांचा स्पिट्झ कुत्रा. :-)

या माशीचं काम अगदी साधं. मागे एक खाच, पुढे माशी आणि पलीकडे लक्ष्य. तिन्ही एका रेषेत आणायचे आणि चाप ओढायचा. यात काच नाही, बंद नळी नाही, फिरणारी चकती नाही. बर्फ साचलाच तर फुंकर किंवा बोट पुरतं. हा मुद्दा लक्षात ठेवा.

आता दुर्बीण. रायफलवरची दुर्बीण म्हणजे एक धातूची नळी, दोन्ही टोकांना भिंगं, मध्ये आणखी भिंगं, नेमाची खूण आणि ती खूण वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवायला दोन चकत्या. फायदा उघड आहे. लांबचा माणूस तीन-चारपट जवळ दिसतो, अंधूक उजेडातही बरं दिसतं. सोव्हिएत सैन्याने १९३० च्या दशकात हे फार मनावर घेतलं होतं. सुरुवातीला जर्मन दुर्बिणींच्या धर्तीवर, मग स्वतःच्या रचनेच्या, अशा हजारो दुर्बिणी त्यांनी बनवल्या आणि स्नायपर तयार केले. म्हणजे त्या बर्फात तंत्रज्ञानाने पुढे होते ते सोव्हिएत. फिनिश सैन्याकडे दुर्बिणीच्या रायफली मोजक्याच होत्या.

मग थंडीत दुर्बिणीचं नेमकं काय होतं? मला चार गोष्टी सापडल्या. एकेक बघू.

पहिली, बाहेरचं दव. तुम्ही चष्मेवाले असाल तर ही तुम्हाला पाठ आहे. पावसाळ्यात एसी बसमधून दादरला उतरलं की अर्धा मिनिट जग दिसत नाही. गार काचेला दमट हवा लागली की हवेतलं बाष्प काचेवर जमतं, इतकं सोपं. उणे ३० मध्ये दुर्बिणीची काचही उणे ३० ला असते. डोळ्याजवळच्या भिंगापासून तुमचं नाक-तोंड काही इंचांवर आणि तुमचा श्वास असतो तिशीच्या वरचा, बाष्पाने भरलेला. एक उच्छ्वास चुकीच्या दिशेने गेला की भिंगावर धुकं, आणि ते धुकं लगेच गोठतं. आता ते हातमोज्याने पुसायला जा, फक्त पसरतं. फिनिश सैनिक शेकोटीच्या तंबूत झोपायचे. उघड्यावर गोठलेली रायफल अशा तंबूत आणली की ती आमच्या फलाटावरच्या स्कॅनरसारखी घामाघूम होणार, आणि परत बाहेर नेली की तो घाम जागच्या जागी गोठणार. म्हणून थंड मुलखातला जुना नियम असा की रायफल रात्री बाहेरच ठेवायची. माणूस उबेत, बंदूक थंडीत.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. आतलं धुकं. बाहेरची काच निदान पुसता तरी येते. पण त्या काळच्या दुर्बिणी आजच्यासारख्या हवाबंद नव्हत्या. चकत्यांच्या भोवती, भिंगांच्या कडेला बारीक फटी राहायच्या. तापमान चढलं की आतली हवा फुगून थोडी बाहेर जाते, उतरलं की आकसून बाहेरची आत ओढली जाते. थोडक्यात दुर्बीण श्वास घेते. पावसात, दमट तंबूत, दलदलीत घेतलेला तो श्वास आतच राहतो.

किती बाष्प पुरतं? मी वहीवर साधं गणित करून बघितलं. दुर्बिणीच्या आत साधारण १०० मिलिलिटर हवा धरू. २० डिग्रीला हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅम बाष्प प्रत्येक घनमीटरला धरते. निम्मीच दमट हवा धरली तरी आपल्या १०० मिलिलिटरमध्ये सुमारे ०.८५ मिलिग्रॅम पाणी आलं. आता दुर्बीण उणे २० मध्ये नेली. तिथे हवेला घनमीटरला जेमतेम १ ग्रॅम झेपतं. म्हणजे आतल्या हवेला फक्त ०.१ मिलिग्रॅम पुरे. उरलेलं पाऊण मिलिग्रॅम कुठे जाणार? भिंगांच्या आतल्या बाजूला, हिमकण होऊन. पाऊण मिलिग्रॅम म्हणजे तांदळाच्या एका दाण्याच्या वजनाचा पंचविसावा भाग वगैरे. तेवढ्याने काच दुधी होते, आणि ती पुसायला बोट आत जात नाही. दुर्बीण उघडायची म्हणजे कारखाना हवा. जंगलात कसला कारखाना?

सोव्हिएत दुर्बिणींच्या आवृत्त्यांमध्ये या लढाईच्या खुणा दिसतात. १९३० च्या दशकातल्या पीई या चौपट दुर्बिणीला डोळ्याच्या नंबराप्रमाणे फोकस करायची सोय होती. पुढच्या पीईएम आवृत्तीत ती सोय काढून टाकली. १९४० मध्ये आलेली साडेतीनपट पीयू तर आणखीच आटोपशीर, जेमतेम १७ सेंटिमीटर लांब. फीचर कमी करत नेणारं प्रॉडक्ट आपल्याला विचित्र वाटतं. पण प्रत्येक फिरणारा सांधा म्हणजे पाणी आत यायचा एक रस्ता, हे ध्यानात घेतलं की ते शहाणपण वाटतं.

तिसरी गोष्ट, धातू आणि काच आकसणं. दहावीच्या फिजिक्समध्ये रेल्वेच्या रुळांतली फट शिकलो होतो, आठवतंय? तेच. पोलाद, अॅल्युमिनियम आणि काच प्रत्येकी वेगळ्या प्रमाणात आकसतात. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट. १५ सेंटिमीटरची अॅल्युमिनियमची नळी पोलादी पट्टीवर बसवली आणि तापमान ५० डिग्रीने उतरलं, तर दोघांच्या लांबीत सुमारे ०.०८ मिलिमीटर फरक पडतो. एवढंच ना? हो, पण नेमबाजीत एवढंही फार असतं. दुर्बीण ज्या दोन कड्यांत बसते ती १० सेंटिमीटर अंतरावर आहेत असं धरा. त्यातलं एक कडं ०.०३ मिलिमीटरने, म्हणजे केसाच्या निम्म्या जाडीने हललं, तर १०० मीटरवर गोळी ३ सेंटिमीटर सरकते आणि ३०० मीटरवर ९. शिवाय तेव्हा भिंगं एकमेकांना चिकटवायला कॅनडा बाल्सम नावाचा झाडाचा डिंक वापरत. तो कडक थंडीत ठिसूळ होतो आणि भिंगांची जोडी सुटायला लागते. चकत्यांमधलं ग्रीस घट्ट होतं, चकती फिरवली तरी खूण सरकत नाही, किंवा अडकून अडकून एकदम उडी मारते. वंगणाचा हाच घोळ १९४१ च्या हिवाळ्यात मॉस्कोसमोर जर्मन सैन्याला भोवला. तिथे तर साध्या बंदुकांतलं तेलच गोठलं होतं.

चौथी गोष्ट गंमतशीर आहे, कारण त्यात दुर्बिणीचा दोष काहीच नाही. नेम एका तापमानाला जुळवलेला असतो आणि गोळी सुटते दुसऱ्याच तापमानाला. उणे ३० ची हवा २० डिग्रीच्या हवेपेक्षा सुमारे २० टक्के दाट असते, त्यामुळे गोळीला जास्त अडवते. थंड दारू जळतेही हळू, त्यामुळे गोळी मुळातच कमी वेगाने निघते. दोन्हीचा परिणाम एकच, गोळी खाली लागते. शिपायाला वाटतं दुर्बीण बिघडली. तो चकत्या फिरवत बसतो. म्हणजे बिघाड एकीकडे आणि दुरुस्ती दुसरीकडे. (हे वाचताना मला माझे ते तीन आठवडे आठवले. असो.)

आता परत कोल्लाच्या जंगलात या. हायहाने दुर्बीण न वापरण्याची कारणं सांगितली जातात ती अशी. एक म्हणजे कडक थंडीत काच धुकटते. दुसरं, काचेवर ऊन पडलं की ती चमकते आणि जागा उघड होते. तिसरं, दुर्बीण नळीच्या वर बसते, त्यामुळे तिच्यातून बघायला डोकं काही सेंटिमीटर जास्त वर काढावं लागतं. समोर दुसरा स्नायपर असेल तर तेवढे सेंटिमीटर पुरतात. यात मी माझं एक कारण जोडतो. जंगलात नजर फार लांब जातच नाही. शंभर-दोनशे मीटरवर तीन-चारपट मोठं दिसण्याचा फायदा कमी आणि काच गोठण्याचा धोका रोजचा. शिवाय ज्या माशीवर त्याने वर्षानुवर्षं सराव केला होता ती त्याला उपजत झाली होती. यात मर्दानगी कुठे आली? हा सरळ हिशेब आहे.

आणि हा हिशेब एकट्या दुर्बिणीपुरता नव्हता. तो श्वासाची वाफ दिसू नये म्हणून तोंडात बर्फ धरायचा. गोळी सुटताना समोरचा भुसभुशीत बर्फ उडू नये म्हणून तो आधीच दाबून घट्ट करायचा. म्हणजे आपण कुठे आहोत, इथली हवा, बर्फ, उजेड, श्वास काय करतात, याचा विचार आधी आणि हत्याराचा नंतर. सुपरवायझर काकांची पेन्सिल त्याच जातीची.

पण मग दुर्बीण निरुपयोगी का? अजिबात नाही, आणि त्या रीलवाल्याची खरी चूक इथे आहे. त्याच थंडीत, पुढच्या वर्षांमध्ये, पीयू दुर्बीण लावून सोव्हिएत स्नायपर लढलेच. रायफली थंडीत ठेवणं, भिंगांवर टोपणं ठेवणं, श्वास बाजूला सोडणं, हे शिकून लढले. हायहाचा निर्णय १९३९ च्या दुर्बिणीसाठी, त्या जंगलासाठी, त्याच्या हातासाठी बरोबर होता. तो कायमचा नियम नव्हता.

कारण पुढे दुर्बीण सुधारली, आणि तीही रणांगणावर नाही तर हरणामुळे. अमेरिकेच्या वायव्येला ऑरेगन राज्यात लिओपोल्ड नावाची कंपनी आहे. १९०७ मध्ये पोर्टलंड शहरात सुरू झालेली ही कंपनी आधी जमीन मोजणीची उपकरणं दुरुस्त करायची, मग नद्यांची पातळी नोंदवणारी यंत्रंही बनवायला लागली. म्हणजे पावसात वर्षभर उभी राहणारी यंत्रं हा त्यांचा रोजचा धंदा. कंपनी सांगते ती गोष्ट अशी की घराण्यातला मार्कस लिओपोल्ड शिकारीला गेला, समोर हरीण आलं आणि नेमकी दुर्बीण आतून धुकटली. हरीण गेलं. याहून चांगली दुर्बीण मी बनवीन म्हणून तो वैतागला आणि खरंच कामाला लागला. १९४७ मध्ये त्यांची पहिली दुर्बीण 'प्लेन्समन' आली. नळीतली दमट हवा काढून त्या जागी कोरडा नायट्रोजन भरायचा आणि सगळे सांधे बंद करायचे, ही पद्धत या कंपनीने शिकाऱ्यांच्या दुर्बिणीत रुजवली.

नायट्रोजनमध्ये काही जादू नाही बरं का. आपण श्वास घेतो त्या हवेत ७८ टक्के तोच आहे. मुद्दा तो कोरडा असण्याचा. आत बाष्पच नाही तर गोठणार काय? पण तो कोरडेपणा टिकवायचा तर नळीने श्वास घेणं बंद व्हायला हवं. त्यासाठी लागते एक क्षुद्र दिसणारी वस्तू, गोल रबरी कडं, म्हणजे ओ-रिंग. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या नील्स क्रिस्टेन्सन यांनी १९३७ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. दुसऱ्या महायुद्धात ती विमानांपासून सगळीकडे पोचली. आज स्वस्तातल्या दुर्बिणीवरही नायट्रोजन किंवा आरगॉन भरल्याचं लिहिलेलं असतं, त्याचं निम्मं श्रेय या रबरी कड्याला.

आणि थंडीने याही कड्याला सोडलं नाही. कडक गारठ्यात रबर आपली लवचीकता गमावतं, दाबलेलं कडं पटकन मूळ आकाराला येत नाही आणि फट राहते. २८ जानेवारी १९८६ च्या गोठवणाऱ्या सकाळी चॅलेंजर यान उडालं आणि ७३ सेकंदांत तुटलं, सात जण गेले. त्याच्या रॉकेटच्या सांध्यात अशीच रबरी कडी होती. उड्डाणाच्या आदल्या रात्री इंजिनियर थंडीबद्दल बजावत होते. चौकशीत रिचर्ड फाइनमन यांनी रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून सगळ्यांसमोर दाखवला. सुपरवायझर काकांनी फलाटावर स्कॅनर धरला ना, अगदी तसाच. लॉग नाही, प्रेझेंटेशन नाही. वस्तू उचलायची आणि ती जिथे वापरली जाते त्या तापमानाला धरायची.

म्हणजे आतलं धुकं ८० वर्षांपूर्वी जवळपास सुटलं. पण बाहेरचं? ते आजही तसंच आहे. कितीही महागाची दुर्बीण घ्या, गोठलेल्या भिंगावर श्वास सोडलात की तुम्ही १९३९ मध्ये. वर आज नवे दुखणेकरी आलेत. बॅटरी थंडीत लवकर मान टाकते, डिजिटल पडदा मंदावतो. आपण एक फट बुजवतो आणि थंडी दुसरी शोधते.

आता त्या पाचशेच्या आकड्याबद्दल, कारण रील त्याच्यावरच चाललं होतं.

६ मार्च १९४० रोजी एक स्फोटक गोळी हायहाच्या जबड्यात घुसली. त्याचा अर्धा चेहरा फाटला. तो शुद्धीवर आला १३ मार्चला, नेमका ज्या दिवशी युद्ध संपलं त्या दिवशी. तहात कोल्लाचा भाग सोव्हिएत संघाकडे गेला. जे जंगल राखण्यासाठी हे सगळं झालं ते गेलं. त्याच्या रौत्यार्वीचेही दोन तुकडे झाले. तो पुढे ६२ वर्षं जगला, शेती केली, शिकार केली, कुत्री पाळली, आणि १ एप्रिल २००२ रोजी ९६ व्या वर्षी गेला. कुणी विचारलंच तर एवढंच सांगायचा की जे सांगितलं गेलं ते जमेल तितकं चांगलं केलं.

कुणी त्याचा आकडा ५०५ सांगतं, कुणी ५४२. पण २०१७ मध्ये त्याने युद्धानंतर लगेच लिहिलेल्या आठवणींची एक वही उजेडात आली. त्यात त्याने स्वतः आकडा सुमारे ५०० दिला आहे. आणि त्या मोजदादीला त्याने जे नाव दिलंय त्याचा अर्थ होतो 'पापांची यादी'. स्कोअर नव्हे, रेकॉर्ड नव्हे. पापांची यादी.

हे वाचून मी जरा वेळ लॅपटॉप मिटून बसलो. जगाने ज्याच्यावर ढॅणढॅण म्युझिक लावलं, त्या माणसाने आपल्या वहीत काय लिहून ठेवलं होतं! त्या यादीतली माणसं म्हणजे रशियातून, युक्रेनमधून, आणखी कुठून कुठून उणे ४० मध्ये आणून उभी केलेली पोरंच होती. त्यांच्यातल्या कित्येकांना ते तिथे का आलेत हेही धड माहीत नसेल. काच गोठली की नाही, माशी बरी की दुर्बीण बरी, हे माझ्यासाठी दोन दिवसांचं रंजक कोडं होतं. काचेतून किंवा माशीवरून पलीकडे जे दिसायचं ते माणूस असायचं, हे त्या कोड्यात मी विसरलोच होतो. तो मात्र विसरला नव्हता.

माझ्या कोल्ड स्टोरेजची या सगळ्याशी तुलना करायची नाहीये, ती होऊच शकत नाही. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख अर्धवट राहील. फलाटावरच्या त्या दिवसानंतर मी रिपोर्ट दुरुस्त केला. 'युजर एरर' खोडून कारण लिहिलं, काच गरम ठेवणारे स्कॅनर सुचवले, ते आले, प्रॉब्लेम सुटला आणि मला कौतुकाची मेलही आली. पण लोडिंगच्या टोळीचे त्या महिन्याचे कापलेले पैसे परत मिळाले का, हे मी कधी विचारलं नाही. मेल वाचून खूश झालो आणि पुढच्या प्रोजेक्टला लागलो.

काकांचा नंबर अजून फोनमध्ये आहे. उद्या सोमवार. स्टँडअपच्या आधी फोन करतो आणि विचारतो. तीन वर्षं उशीर झालाय खरा, पण त्यांनी मला तेव्हा बरोबर सांगितलं होतं... मी विचारलंच नव्हतं.